ख्रिस्ती श्रद्धा विवेकात बसते का? गाडीतल्या एका वादाला लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ऐरोलीला नोकरी करतात. त्यांच्याच कंपनीतला एक मित्र ठाण्याचा ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या जुन्या ख्रिस्ती समाजातला, घरी मराठीच बोलणारा. दोघं रोज ठाण्याहून वाशी गाडी पकडतात. यांनी एकदा म्हटलं, "पुरावा नसताना मानायचं म्हणजे अंधश्रद्धाच." मित्र म्हणाला, "तू आईवर विश्वास ठेवतोस, तो काय पुरावा तपासून? माझी श्रद्धा तुझ्या कुठल्याही मताइतकीच विवेकाची आहे." तेव्हापासून रोज तेच. बरोबर कोण?

ठाणे ते ऐरोली जेमतेम दहा-बारा मिनिटं. एवढ्यात हा वाद मिटणारा असता, तर धर्माचं तत्त्वज्ञान शिकवून तीस वर्षं पगार घेतलेल्या माझ्यासारख्याचं कठीण होतं. आधी माझं सांगून टाकतो. मी ख्रिस्ती नाही. नौपाड्यातल्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो आणि देव आहे का असं विचारलंत तर "माहीत नाही" म्हणतो. पुढे वाचताना मधूनच वाटेल की मास्तर मित्राकडे झुकले, मधूनच उलटं वाटेल. दोन्ही खरं आहे.

तुम्ही एका प्रश्नावर भांडताय असं तुम्हाला वाटतं, पण त्यात तीन प्रश्न गुंतलेत. ही गोष्ट खरी आहे का? ती समोरच्याला मान्य करावीच लागेल अशी सिद्ध करता येते का? आणि एखाद्याने ती मानणं वाजवी आहे का? माझ्या आजीच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. "नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झाली" असं तिची आई सांगायची, तेवढ्यावर आम्ही तिचा वाढदिवस करायचो. हे कोर्टात टिकलं नसतं. चूकही असेल, पणजीच्या आठवणीत दोन दिवस इकडचे तिकडे झाले असतील. तरी ते मानणाऱ्या आम्हाला कोणी अविवेकी म्हटलं नसतं. तेव्हा "सिद्ध करून दाखव, नाहीतर तू अंध" ही तुमची उडी मधली एक पायरी गाळून मारलेली आहे.

तुमच्या बाजूने सगळ्यात कडक बोलून गेलेला माणूस म्हणजे विल्यम क्लिफर्ड, इंग्लंडचा गणिती. १८७७ सालच्या त्याच्या निबंधात एक जहाजमालक आहे. मी वर्गात त्याची इमारत करायचो. समजा, ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीचा मालक आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्याला पिलरच्या भेगा दिसतात. पण तो मनाची समजूत घालतो, "इतकी वर्षं उभी आहे, देवाच्या कृपेने याही वर्षी राहील." हळूहळू त्याला ते अगदी मनापासून पटतं. इमारत पडते. तो दोषी आहे हे सगळेच म्हणतील. क्लिफर्ड पुढे जातो: इमारत पडली नाही तरी तो तितकाच दोषी, कारण असं मानण्याचा त्याला अधिकारच नव्हता. यावरून त्याने नियम काढला की अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं, कुठेही, केव्हाही, कोणालाही, चूकच.

उदाहरण अंगावर येतं, नियम मात्र पचत नाही. खुद्द त्या नियमालाच पुरेसा पुरावा कोणता? शिवाय तो काटेकोर पाळला तर काल सकाळी मी पोहे खाल्ले हेही मला मानता येणार नाही, कारण आठवणीवर विश्वास ठेवायला पुन्हा आठवणीखेरीज आधार नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने १८९६ साली त्याला उत्तर दिलं: निवड जिवंत असेल, टाळता येत नसेल आणि आयुष्यावर परिणाम करणारी असेल, आणि पुरावा कुठल्याच बाजूने निकाल देत नसेल, तर मनाचा कौल घेणं गैर नाही. जेम्स मला माणूस म्हणून आवडतो, पण त्याच्या परवान्यावर धर्माचं नाव लिहिलेलं नसतं. तुमच्या मित्राला येशू ही "जिवंत" निवड आहे, कारण तो त्या घरात वाढला. माझ्या आजीला विठोबा होता.

देवाच्या अस्तित्वाच्या मोठ्या युक्तिवादांवरून मी पळतच जाणार आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने पाच मार्ग सांगितले: गती आहे तर गती देणारा हवा, कार्य आहे तर कारण हवं, वगैरे. आपल्याकडे न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी त्याच्या दोनेक शतकं आधी न्यायकुसुमांजलीत जवळजवळ त्याच वाटेने ईश्वर सिद्ध करायला घेतला होता. घट आहे तर कुंभार हवा, तसं जगाचं. परीक्षेत मुलं एकाच्या नावावर दुसऱ्याचं उत्तर लिहीत आणि मला मार्क कापताना जड जाई, कारण सांगाडा खरोखर सारखा आहे. ह्यूम आणि कांट या युरोपीय तत्त्वज्ञांनी या युक्तिवादांना पाडलेल्या भोकांची चर्चा अजून संपलेली नाही. पण समजा, सगळे बिनचूक ठरले. तरी हाती काय येतं? जगाला कोणी कर्ता आहे, एवढंच. तो कर्ता बेथलेहेमला जन्मला, पाँटियस पिलात या रोमन सुभेदाराच्या अमलात क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे त्यातून निघत नाही. तुमचा मित्र हे युक्तिवाद पुढे करत असेल तर त्याला हळूच सांगा की एवढं तर उदयनाचार्यांनीही मिळवून दिलं होतं.

ख्रिस्ती श्रद्धेची खरी गंमत, आणि खरी अडचण, इथून सुरू होते. मीमांसकांचा, म्हणजे वेदालाच अखेरचं प्रमाण मानणाऱ्या आपल्याकडच्या पंथाचा, वेद अपौरुषेय आहे, म्हणजे कोणी रचलेलाच नाही, त्यामुळे सांगणाऱ्याची उलटतपासणी करायची सोयच नाही. ख्रिस्ती धर्माने उलटी वाट धरली. त्याने सगळं एका घटनेवर लावलं. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल स्वतःच म्हणतो की ख्रिस्त उठलेला नसेल तर आमचा उपदेशही व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. हे पत्र पहिल्या शतकाच्या पन्नाशीतलं, म्हणजे क्रुसाच्या घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतलं. त्याच ठिकाणी तो ज्यांना येशू दिसला त्यांची यादी देतो आणि त्यांतले बरेच अजून हयात आहेत असंही म्हणतो. "जा, विचारा" असाच त्याचा सूर आहे. म्हणून ख्रिस्ती माणसाला "श्रद्धेचा विषय आहे, पुरावा मागू नका" असं म्हणून सुटता येत नाही. त्याच्याच ग्रंथाने ते दार बंद करून ठेवलं आहे. तुम्हाला वाद घालायचाच असेल तर इथे घाला.

मग पुरावा कसा आहे? येशू नावाचा माणूस होता आणि पिलातच्या काळात त्याला क्रुसावर दिलं, हे बहुतेक सगळे इतिहासकार मानतात, नास्तिकही. त्याच्या अनुयायांना लवकरच तो पुन्हा जिवंत दिसल्याची खात्री वाटू लागली, हेही बहुतेकांना मान्य. रिकाम्या कबरीबद्दल मतभेद आहेत. येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या चार शुभवर्तमानांतले तपशील जुळत नाहीत: कबरीपाशी कोण गेलं, कोणाला भेटलं. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर स्त्रिया घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, तिथेच मजकूर थांबतो. भाविक म्हणतो, साक्षी तंतोतंत जुळल्या असत्या तर पढवलेल्या वाटल्या असत्या. हे काही अंशी खरं आहे, पण न जुळणं हाच विश्वासार्हतेचा पुरावा मानायला लागलो तर मग कुठलीच साक्ष फुटणार नाही.

इथे ह्यूम येतो. १७४८ साली त्याने साधा हिशोब मांडला. मेलेला माणूस उठत नाही हा सगळ्या मानवजातीचा अनुभव. तो उठला असं सांगणारे काही साक्षीदार. साक्षीदार चुकले असणं हे मेलेला उठण्यापेक्षाही मोठं आश्चर्य ठरत असेल, तरच साक्ष माना. वर्गात निम्मी मुलं इथे वही मिटायची. मी म्हणायचो, थांबा. हा हिशोब फारच कडक लावला तर तुमच्या डोळ्यांसमोर माणूस उठला तरी तुम्हाला मानता येणार नाही, म्हणजे निकाल आधीच लिहून ठेवलेला. आणि मुद्दा असा की कोणी "माणसं आपोआप उठतात" असं म्हणतच नाही. देवाने उठवलं, असं म्हणतात. देव असण्याची शक्यता तुम्ही किती धरता यावर पुढचं सगळं अवलंबून.

ऑक्सफर्डच्या रिचर्ड स्विनबर्न यांनी ते आकड्यांत करून दाखवलं. २००३ सालच्या पुस्तकात त्यांनी देव असण्याची शक्यता निम्मी धरली, असा देव माणसाचं रूप घेईल याचीही निम्मी, आणि पुढे साक्षींचं वजन घालत पुनरुत्थानाची शक्यता शेकडा ९७ च्या आसपास आणली. हे वाचून मला हसू आलं होतं, पण त्यांच्यावर नाही. प्रत्येक आकडा त्यांनी उघड्यावर मांडला, हे प्रामाणिकपणाचं काम आहे. मात्र चहात साखर किती पडली ते चहा पिऊन ठरत नाही, घालणाऱ्याच्या चमच्यावर ठरतं. देवाची शक्यता निम्म्याऐवजी हजारात एक धरणारा माणूस तीच गणितं करून उलट्या टोकाला पोचेल, आणि कोणता चमचा बरोबर हे इतिहास सांगू शकत नाही.

"खोट्यासाठी कोणी जीव देतं का?" हा युक्तिवाद मित्राने केला असेलच. त्यात तुमचं आमचं ठाणे येतं, म्हणून जरा थांबतो. १३२१ च्या एप्रिलमध्ये इथेच चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. वादळामुळे त्यांचं जहाज कोल्लमऐवजी ठाण्याच्या किनाऱ्याला लागलं. नंतर ओडोरिक नावाचा साधू इथे आला, त्याने लिहून ठेवलंय की काझीसमोर त्यांचा वाद झाला, येशू देव की माणूस या प्रश्नावर. म्हणजे तुमच्या गाडीतला वाद या गावात निदान सातशे वर्षांचा आहे, फक्त तेव्हा हरण्याची किंमत जबर होती. त्या चौघांच्या मरणाने काय सिद्ध होतं? ते मनापासून मानत होते, एवढं निर्विवाद. पण त्यांनी येशूला पाहिलं नव्हतं, तेराशे वर्षांपूर्वीचं सांगणं मानलं होतं. मनापासूनची खात्री आणि खरेपणा यांत अंतर असतं, आणि वेगवेगळ्या धर्मांचे हुतात्मे एकमेकांविरुद्धच्या गोष्टींसाठी मेलेले आहेत. पहिल्या पिढीचं प्रकरण वेगळं, कारण ते "आम्ही पाहिलं" म्हणत होते. तो युक्तिवाद जिथे वजनदार आहे तिथेच ठेवा, पुढच्या शतकांवर पसरू नका.

आता तुमच्या मित्राचा सगळ्यात मजबूत पत्ता. "आईवर विश्वास" हे तो सहज बोलून गेला असेल, पण त्यामागे अमेरिकन तत्त्वज्ञ आल्विन प्लँटिंगा उभा आहे, त्याला माहीत असो वा नसो. १९८३ पासून २००० सालच्या जाड ग्रंथापर्यंत प्लँटिंगा एक गोष्ट लावून धरतो: काही समजुती इतर समजुतींवर बांधलेल्या नसतात, त्या पायाच्या असतात. समोर झाड दिसतं, काल पाऊस पडला होता, दुसऱ्या माणसाला मन असतं. यांसाठी आपण युक्तिवाद करत नाही आणि तरी त्या मानणं विवेकाचंच असतं. देवावरची श्रद्धा तशीच पायाची का असू नये? देव असेल आणि त्याने आपल्याला ओळखण्याची जाण माणसात घातली असेल, तर आभाळ बघून किंवा पापाची टोचणी लागून उमटलेली श्रद्धा हे रीतसर ज्ञानच ठरेल.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला प्लँटिंगाची गरज नाही, कुमारिल भट्ट पुरे. सातव्या शतकातला हा मीमांसक म्हणतो, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, त्याला बाहेरून शिक्का लागत नाही. ते खोटं ठरतं दोनच प्रकारे: त्याच्या विरुद्धचं बाधक ज्ञान आलं तर, किंवा ज्यातून ते उपजलं त्या कारणात दोष सापडला तर, जसं कावीळ झालेल्याला शंख पिवळा दिसावा. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, उलट म्हणत, प्रामाण्य बाहेरूनच ठरतं, आधी तपासा मग माना. तुम्ही गाडीत नैयायिक आणि मित्र मीमांसक. गंमत अशी की कुमारिल जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हता, आणि उदयनाचार्य नैयायिक असून ईश्वर सिद्ध करत होते. प्रमाणाची बाजू ठरली म्हणून देवाची बाजू ठरत नाही.

कुमारिलाची ही दोन दारं हाताशी असली की आजचा वाद स्वच्छ दिसतो. फ्रॉइडचा आरोप हा कारणदोषाचा आरोप: श्रद्धा इच्छेतून उपजते, बापाच्या आधाराची भूक असते माणसाला. प्लँटिंगाचं उत्तर मला आजही चोख वाटतं. तो म्हणतो, त्या जाणिवेत दोष आहे की नाही हे देव आहे की नाही यावरच अवलंबून आहे. देव असेल तर ती भूक त्यानेच खरी गोष्ट सापडावी म्हणून घातलेली असेल. तेव्हा "ते खरं की खोटं मला माहीत नाही, पण मानणं अविवेकी आहे" असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. अविवेकी म्हणायचं तर खोटं आहे हे दाखवा. तुमचा "अंध" हा शब्द इथे पडतो, माझ्या मते कायमचा.

मित्राने पेढे वाटायची घाई करू नये. या कुलपाला इतर चाव्याही लागतात. वारकऱ्याने "विठ्ठलावरची माझी श्रद्धाही पायाचीच" म्हटलं तर? मुसलमान शेजाऱ्याने म्हटलं तर? प्रत्येक जण आपल्या देवाने आपल्यात जाण ठेवली आहे असं सांगू शकतो. मासुंदा तलावाला एक फेरी मारा. एका बाजूला सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, जवळच कौपिनेश्वर. दोन्हीकडे गुडघे टेकलेल्या माणसाला आतून सारखीच खात्री असते. दोन्ही खात्री पूर्ण खऱ्या असू शकत नाहीत, कारण ख्रिस्ती माणूस येशूला अवतारांपैकी एक म्हणत नाही, एकमेव म्हणतो. मग शेजाऱ्याची खात्री हे बाधक ज्ञान ठरतं का? मी बरीच वर्षं "ठरतं" म्हणत होतो. आता थोडं मागे आलोय. माझ्याइतकाच शहाणा माणूस वेगळं मानतो, एवढ्याने माझं मत सोडायचं तर राजकारणातलं एकही मत उरणार नाही. पण शंभर टक्के खात्रीचा हक्क मात्र जातो, असं मला वाटतं. तुमचा मित्र वाजवीपणे श्रद्धा ठेवू शकतो, तलावापलीकडचा त्याच्यापेक्षा कमी विवेकी आहे असं तो म्हणू शकत नाही.

दुसरं बाधक जास्त दुखरं आहे. तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ साली एक उदाहरण दिलं: दूर जंगलात वीज पडून वणवा लागतो, हरणाचं पाडस भाजतं, दिवसेंदिवस तडफडून मरतं. कोणी पाहिलं नाही, कोणाचं भलं झालं नाही. सर्वशक्तिमान आणि दयाळू देवाला हे का चालावं? माणसाचं स्वातंत्र्य हे उत्तर माणसाच्या क्रौर्याला लागू पडेल, विजेला नाही. जॉन शेलेनबर्ग यांनी १९९३ मध्ये आणखी एक खिळा ठोकला: प्रेमळ देव असता तर त्याला मनापासून शोधणाऱ्यापासून तो लपून का राहतो? ख्रिस्ती माणूस इथे क्रुसाकडे बोट दाखवतो, देवानेही भोगलं म्हणतो. सांत्वन म्हणून ते खोल आहे. पाडसाच्या प्रश्नाचं ते उत्तर नाही.

आपल्याकडची दोन माणसं सांगून आवरतो. काशीत वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे यांनी आधी ख्रिस्ती मताविरुद्ध संस्कृतात ग्रंथ लिहिला. जॉन म्यूरने ख्रिस्ती मताच्या बाजूने लिहिलेल्या 'मतपरीक्षा' या ग्रंथाला ते उत्तर होतं. वाद घालता घालताच ते बदलले आणि १८४८ साली ख्रिस्ती झाले. पुढेही शंकांनी त्यांना सोडलं नाही. पंडिता रमाबाईंच्या बाप्तिस्म्यामागे, १८८३ साली इंग्लंडात, गोऱ्यांच्या लिखाणाचा वाटा होता. पण बाप्तिस्मा झाल्यावर या बाईंनी त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर तिथल्या मठातल्या भगिनींशी पत्रांतून जे भांडण मांडलं ते वाचण्यासारखं आहे. पुरोहितांचं एक जोखड महत्प्रयासाने झुगारलं, आता दुसरं घेणार नाही, असा त्यांचा रोख. श्रद्धा धरली म्हणून त्यांनी तर्क खाली ठेवला नव्हता. तुमच्या मित्राला वारसा हवा असेल तर हा घ्यावा, स्विनबर्नच्या ९७ पेक्षा मला तो जवळचा वाटतो.

राहिली आई. मित्राची उपमा अर्धी बरोबर आहे. आईवरचा विश्वास पुराव्याची फाईल बघून बसत नाही, हे खरं. पण ती आहे हे आधी दिसतं, हाक मारली तर ती ओ देते, आणि लहानपणापासूनचा सहवास पाठीशी असतो. तो म्हणेल, माझ्याही पाठीशी प्रार्थनेचा सहवास आहे. विल्यम ऑल्स्टन यांनी १९९१ मध्ये नेमकं हेच मांडलं: डोळ्यांवर आपण जसा भरवसा ठेवतो, तसा भाविकांच्या दीर्घ अनुभवपरंपरेवर का ठेवू नये? म्हणून उद्या गाडीत पुनरुत्थान काढू नका. त्याला विचारा, "प्रार्थनेत तुला ओ मिळाली असं केव्हा वाटलं, आणि ती ओ नव्हती हे तुला कशाने कळलं असतं?" मग त्यालाही तुम्हाला विचारू द्या, काय घडलं तर तुम्ही मानाल. दोघांपैकी ज्याला उत्तर सुचणार नाही त्याने ऐरोलीला चहाचे पैसे द्यावेत. माझा अंदाज, पहिल्या दिवशी दोघंही द्याल.